भोक केवढं?

मंडईत मेथी म्हणता आलं, चुका म्हणता आलं,
फक्त समोरच्या जुडीचं नाव येईना.
भाजीवाली म्हणाली, काका, आज मौन का?
कुमुदनं पैसे दिले. रिक्षात बसेस्तोवर
शब्द परत आला, जणू मधल्या वेळात
चहा प्यायला गेला होता:
शेपू.

सात मिनिटं.
डॉक्टर तांबोळींनी फाइलवर लिहिलं, सात.
मग कागद उलटा करून काढलं:
हा तुमचा गरवारे चौक समजा, इथं रस्ता फुटतो,
एक चेहऱ्याकडे, एक मेंदूकडे.
मेंदूच्या फाट्याच्या तोंडाशीच राडारोडा साचलाय.
मी म्हटलं, महापालिकेला कळवा.
त्या हसल्या. कुमुद हसली नाही.

टेबलावर दोन नमुने ठेवले,
करंगळीच्या दोन पेरांएवढे.

एकतीस वर्षं भोसरीत जाळ्या तपासल्या मी,
साखरेच्या, औषधांच्या, एकदा रव्याच्या गिरणीच्या,
ज्यांतल्या एकीचा एकच धागा सुटला होता
आणि अख्खा माल मी परत पाठवला होता.
जाळी हातात आली की आधी उजेडाकडे धरायची.
धरली.

पहिली मोकळ्या घरांची.
कड्या एकमेकींना प्रत्येक टोकाशी धरत नाहीत,
म्हणून वळणावर वळते, मानेचं ऐकते.
पण वळताना घरं फाकतात
आणि खिडकीतून मऊ चरबी डोकावते.
डोकावते तोवर ठीक.
एखादा कण निसटला तर?

दुसरी बंद घरांची. भोकं लहान, शिस्त कडक.
कण धरून ठेवते, पण सरळ राहायचा हट्ट;
वाकडी नस तिच्यापायी सरळ होते
आणि जाळी संपते तिथं मुडपते.

तिसरीचं फक्त चित्र होतं:
आत सांगाडा, वर मलमलीसारखी वीण.
मी विचारलं, भोक केवढं? मायक्रॉनमध्ये सांगा.
त्या क्षणभर थांबल्या.
आजवर पेशंटनी किंमत विचारली होती,
दिवस विचारले होते.

मग खरं ते सांगितलं.
अभ्यास आहेत, काही इकडे झुकतात, काही तिकडे.
बारीक विणीवर रक्त गोठायची धास्तीही मोजावी लागते.
जाळीआधी नस बघावी लागते,
आणि तुमची नस फार वळणाची.
कुमुद म्हणाली, स्वभावच आहे तो.

त्या दिवशी मी जागा होतो.
उजव्या हातात रबरी बदक दिलं,
सांगितलं की दाबायचं,
मेंदू हजर असल्याची खूण.
जांघेतून तार वर गेली. मेंदूच्या वाटेवर एक छत्री उघडली,
निसटलेलं टिपायला.
फुगा फुगला तशी नाडी घसरली,
चाळीस, अडतीस, कुणी तरी अॅट्रोपिन म्हणालं,
छताचा पांढरा रंग आणखी पांढरा झाला.
दाबा, काका.
दाबलं. बदक केकाटलं.
बोला काही तरी.
शेपू, म्हणालो. शेपू, चाकवत, अंबाडी, राजगिरा.
ब्रदर म्हणाला, यांना भूक लागलीय.

ही तार म्हणे थंडीत अंग चोरून बसते,
रक्ताची ऊब लागली
की तिला स्वतःचा आकार आठवतो.
मला हेवा वाटला, खोटं कशाला बोलू.

घरी आल्यावर पिशवीत एक कार्ड सापडलं,
खोक्यावरचा स्टिकर त्याला चिकटवलेला.
सात बाय चाळीस. मोकळ्या घरांची, शेवटी.
लॉट नंबर भिंगाखाली धरून वाचला.
तपासनिसाची सही कुठंच नाही, नुसता बारकोड.
तरी कुणी तरी, कुठल्या तरी गावात
डोळे किलकिले करून ती उजेडाकडे धरली असणार.
तिच्या आधीची परत पाठवली असणार,
मालकाच्या शिव्या खाल्ल्या असणार.

कुमुदनं मुगाची डाळ घालून शेपू केला.
मला शेपू आवडत नाही. चाळीस वर्षं सांगतोय.
गुपचूप खाल्ला.

रात्री डाव्या बाजूला मान वळवायची होती.
थोडा वेळ तसाच पडून राहिलो, गच्चीवरच्या
टाकीत पाणी चढत होतं, ते ऐकत.
मग वळवली.
वळली.